गोलामागची काच

सिंगापुरात बर्फावर गाडी चालवणारा मराठी माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. गाडी बैलाच्या चालीने जाते आणि पहिल्याच दिवशी मी ती कठड्यात घातली, ते सोडून द्या.

मी मूळचा रत्नागिरीचा. शाळा मी सातवीत सोडली असं मी सांगतो. शाळेला विचाराल तर ती म्हणेल, आम्ही ह्याला सोडला. बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या पाडायचा कारखाना होता, तिथे लागलो. तिथून इकडे जहाजांच्या यार्डात, थंड करायच्या मशिनांच्या कामावर आलो. कंत्राटदाराने तिथून उचललं आणि एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर आणून ठेवलं. बर्फाने काही माझा पिच्छा सोडला नाही. फरक एवढाच की तिथे बर्फात पापलेट असायचं, इथे कॉलेजची पोरं.

ही पोरं बर्फावर हॉकी खेळतात. चेंडूची नाही, काळ्या रबरी चकतीची. पायात पातं लावलेले बूट, हातात काठी, आणि चकती अशी सुटते की दिसायच्या आधी कठड्यावर आपटलेली ऐकू येते. मधल्या सुट्टीत मी माझी गाडी घेऊन जातो, खरवडलेला बर्फ तासतो, वर गरम पाणी सोडतो, आणि मैदान आरशासारखं करून परत येतो. पोरं टाळ्या वाजवतात. मला वाटायचं माझ्यासाठी. मग कळलं, सुट्टी संपली म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते काचेमागच्या एका साहेबांबद्दल.

मैदानाभोवती कठडा असतो आणि कठड्यावर जाड काच. बाकीचे आई-बाप वर बाकड्यांवर बसतात, कॉफी पितात, फोन बघतात. हे साहेब खाली यायचे आणि बरोबर गोलाच्या मागे, दोन्ही तळवे काचेला लावून उभे राहायचे. बाहेर घामाच्या धारा आणि ह्यांच्या डोक्याला पुण्याहून आणलेली माकडटोपी. सामना संपला की काचेवर दोन पंजे उमटलेले असायचे, मध्ये नाकाचा ठिपका. काच पुसायचं काम माझ्याकडेच होतं. खेळात दर भागाला बाजू बदलतात, तसे साहेबही मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे जायचे. म्हणजे एका बापापायी मला दोन काचा.

पहिल्यांदा मी फडकं घेऊन गेलो तर माझ्या शर्टावरचं नाव वाचून मराठीत म्हणाले, "राहू द्या हो. पुन्हा उमटणारच आहेत."

मी विचारलं, कोण तुमचं खेळतंय? त्यांनी काचेपलीकडे हनुवटीने दाखवलं. गोलात उभा असलेला, पायाला गाद्या बांधलेला, तोंडाला जाळी लावलेला तो पैलवान म्हणजे त्यांची मुलगी होती. सई.

"पोरांच्यात पोरगी?" मी म्हटलं. "आणि तीही गोलात?"

त्यावर साहेबांनी तळवे काचेवरून काढले, उलटे करून मला दाखवले आणि म्हणाले, "आपल्या हातात काय आहे, सांगा."

हे त्यांचं वाक्य. गाडी उशिरा आली तरी हेच, मुलगी हरली तरी हेच, जिंकली तरी हेच. मला आधी वाटलं हा माणूस रडका आहे. तुम्हालाही वाटेल. थोडं थांबा.

साहेब चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या मागच्या ऑफिसात मॅनेजर होते. बायकोची नोकरी पुण्यात, ती तिथेच. बाप-लेक दोघं पासिर रिसला फ्लॅटमध्ये. तिथून आमच्या मॉलपर्यंत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जवळजवळ अख्खा देश ओलांडून यावं लागतं. बरोबर गोलीची बॅग. ह्या खेळात गोलकीपरला गोली म्हणतात आणि त्याची बॅग म्हणजे छोटा फ्रिज. सई काठ्या घेऊन पुढे, आणि मागे हा ऑफिसातून तसाच आलेला माणूस, गळ्यात ऑफिसचा पट्टा, खांद्यावर तो फ्रिज. एकदा म्हणे डब्यातल्या एका म्हाताऱ्या चिनी बाईने बॅगेला बोट लावून विचारलं, "इनसाइड गॉट पीपल, आह?" साहेब मला हे सांगताना एकदम खूश होते. म्हणाले, "बॅग उचलणं तेवढं माझ्या हातात आहे. ती मी तिला उचलू देत नाही."

सई गोली कशी झाली, तर सगळ्यांत हळू घसरायची म्हणून. पहिल्या दिवशी गोलात कोणी उभं राहीना, कोचने हिला उभं केलं. साहेब चिडले होते, मुलीला शिक्षा केली म्हणून. पण पोरगी तिथेच रमली. साहेबांनाही मग हळूहळू ते काम ओळखीचं वाटायला लागलं. मला म्हणाले, ऑफिसात आमचं डिपार्टमेंट असंच आहे. सगळ्यांच्या हातून जे सुटतं ते शेवटी आमच्याकडे येतं. अडवलं तर कोणी विचारत नाही, सुटलं तर सगळे वळून बघतात.

सामन्यात ते स्वतः खेळायचे. म्हणजे काचेमागे. सई डावीकडे सरकली की हे डावीकडे, ती गुडघ्यावर बसली की ह्यांचे गुडघे वाकायचे. एकदा तिने झेप घेतली तर साहेबांनी इकडे कचऱ्याच्या डब्यावर झेप घेतली. मी त्यांना म्हटलं, साहेब, वर्षाचं बक्षीस तुम्हालाच द्यायला पाहिजे. ते हसले नाहीत. त्या बक्षिसावर हसायचं नसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कॉलेजांची ही लीग छोटीच. संघ मोजके, मैदान एकच. वर्षाच्या शेवटच्या सामन्यानंतर सगळे कोच मिळून वर्षातला सगळ्यात चांगला गोली निवडतात. बक्षीस म्हणजे काचेचा एक ठोकळा, आत कोरलेली जाळी. मी तो टेबलावर मांडताना उचललाय, वजनाला नारळाएवढा. एरवी त्या ठोकळ्याचं कोणाला काही पडलेलं नसतं. पण ते सईचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. कॅनडातल्या एका कोचने तिचा खेळ फोनवर बघितला होता आणि कळवलं होतं, लीगचं बक्षीस मिळालं तर आमच्या कॉलेजात तुझं नाव मी पुढे ठेवतो. नुसत्या व्हिडिओवर कोणी ऐकणार नाही.

आणि त्याच वर्षी साहेबांचं ऑफिस पुण्याला निघालं.

म्हणजे काम निघालं, साहेब नाही. इथली खुर्ची बंद, तेच काम आता पुण्यातली तरुण पोरं करणार. साहेब दिवसभर फोनवर त्या पोरांना मराठीतून शिकवायचे, आपलंच काम कसं करायचं ते. पुण्याच्या माणसाला पुण्यातल्या ऑफिसात जागा नाही म्हणाले. नोकरी संपली की इथे राहायचा पास रद्द, पास रद्द झाला की थोड्या दिवसांत देश सोडायचा. सईचा पास कॉलेजचा, तो परीक्षेपर्यंत. पुढे तीही पुण्याला. आणि पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात.

हे सगळं त्यांनी मला काचेला तळवे लावूनच सांगितलं. पलीकडे सई सराव करत होती. चकत्या येत होत्या, ती अडवत होती. साहेब म्हणाले, "ह्या एका बक्षिसावर तिचं सगळं अडकलंय, आणि मी इथे उभा आहे. आपल्या हातात काय आहे, सांगा."

मी काच पुसली. त्यांनी परत हात ठेवले.

सईचे नियम कडक होते. सामन्याच्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही. बेस्ट लक म्हणायचं नाही. टोपी बदलायची नाही. सगळ्याच गोलींना असली खुळं असतात, मैदानात आल्यावर ती दोन्ही खांबांना काठी टेकवून खालचा बर्फ बुटाने खरवडून घ्यायची, तेव्हा कुठे तिचं समाधान. बापाला परवानगी एकाच गोष्टीची होती, काचेमागे उभं राहायचं आणि गप्प बसायचं.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी साहेब फार लवकर आले. उजवी मूठ झाकलेली. मी गाडी फिरवून मैदान तयार केलं होतं आणि तासलेला बर्फ ओतायला मागे गेलो होतो. परत येतो तर साहेब ऑफिसच्या बुटांनी बर्फावर, थेट गोलापाशी. झाकलेली मूठ त्या जाळीभोवती गोल गोल फिरवत होते आणि तोंडाने पुटपुटत होते. दृष्ट काढत होते. मीठ, मोहरी आणि एक लाल मिरची. माणसाची दृष्ट काढलेली मी पाहिलीय, म्हशीची पाहिलीय, नव्या टेम्पोची पाहिलीय. हॉकीच्या जाळीची पहिल्यांदाच.

मी कठड्यावरून ओरडलो, "साहेब, पोरीची काढायची असते ना?"

"ती उभी राहील का?" साहेब म्हणाले. "म्हणून जागेची काढतोय." आणि मला उत्तर द्यायला वळले तेवढ्यात पाय घसरला. मूठ उघडली. सगळं मीठ गोलाच्या तोंडाशी.

आता मीठ आणि बर्फ यांचं काय होतं ते मासळीच्या कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. मी धावलो. बर्फाच्या मैदानावर रोज काम करणाऱ्या माणसाने बर्फावर धावू नये हेही कळत होतं, पण धावलो, आणि साहेबांच्या शेजारीच जाऊन बसलो. दोघं बुडावर. समोर मीठ बर्फात शिरत होतं, देवीचे वण पडावेत तशी भोकं पडत होती. साहेब नखांनी मोहरी वेचायला लागले. म्हणत होते, "हे मी काय केलं. बर्फवाले, हे मी काय केलं."

मी त्यांना बाहेर काढलं. खारट बर्फ खरवडून काढला, खड्ड्यात नवा तासलेला बर्फ दाबून भरला, वर पाणी सोडलं. गोठायला वेळ नव्हता, म्हणून भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला. त्याचा गॅस भयंकर थंड असतो, बर्फ क्षणात धरतो. मीठ-मोहरी विस्तवात टाकायची पद्धत आहे. आम्ही तिच्यावर आग विझवायचा सिलिंडर मारला.

तेवढ्यात माझा बॉस आला. चिनी माणूस, कमी बोलतो. धुराकडे बघितलं, सिलिंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आइस ऑल्सो कॅन बर्न, आह?" एवढं विचारून गेला.

ठिगळ मात्र झकास बसलं. मी बुटाच्या टाचेने ठोकून बघितलं, दगड. आयुष्यात एक काम मी असं केलं की ज्यात कोणाला खोट काढता येणार नाही.

सई आली. खांबांना काठी टेकवली. बुटाने बर्फ खरवडायला लागली आणि मध्येच थांबली. वाकून बर्फात बघितलं. मोहरीचे दोन-तीन काळे दाणे आमच्याकडून राहून गेले होते, ठिगळात गोठलेले. तिने मान वर केली आणि काचेमागे बापाकडे बघितलं. तोंडावर जाळी, त्यामुळे चेहरा दिसला नाही. तिने त्या जागेवरून बूट दोनदा घासला, टाचेने दाबून बघितलं, आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

सामना मी काय सांगू. ती पोरगी त्या दिवशी भिंत होती. समोरचा गोलीही तोडीचा, उंच पोरगा, आणि बक्षीस ह्या दोघांतलंच एकाला जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटच्या भागात सई परत ह्या बाजूच्या गोलात आली. मोहरीच्या गोलात. बरोबरी चालू होती. सामना संपत आला होता, आणि बाजूने एक चकती आली. जोराची नाही. अशी की माझ्यासारख्याने झाडूने अडवली असती. ती सईच्या काठीपाशी आली आणि पलीकडे गेली. जाळीत.

कोणी ओरडलं, कोणी नाचलं. मी साहेबांकडे बघत होतो. ते हललेच नाहीत. तळवे काचेला तसेच.

सईचा संघ हरला. भोंगा वाजला आणि मी सवयीने गाडी काढली. गोलापाशी गेल्यावर खाली वाकून बघितलं. माझं ठिगळ जसंच्या तसं. एक टवका उडालेला नव्हता. खूश व्हायला पाहिजे होतं. मी त्यावरून गाडी फिरवली आणि सगळं आरशासारखं करून टाकलं.

बाहेर आलो तर साहेबांनी माझा दंडच धरला. सई बाकड्यावर बसून पायाच्या गाद्या सोडत होती.

"बर्फवाले, खड्डा होता ना तिथे? चकती खड्ड्यातून उडाली ना?"

"बाबा, नो," सई मान खाली घालूनच म्हणाली. "माझी काठी वर होती. आय लिफ्टेड इट. खालून गेली."

"तू गप्प बस. बर्फवाले, तुम्ही सांगा. मिठाने गेला ना तो गोल?"

दोष आपल्या अंगावर घ्यायला इतका उतावीळ झालेला माणूस मी कधी बघितला नाही. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला कळेना, हे दुःख आहे की काय आहे. मग कळलं. खड्डा असेल तर पोरगी चुकली नाही. आणि खड्डा असेल तर इतक्या वर्षांत एकदा तरी काहीतरी ह्यांच्या हातात होतं, भले वाईट का असेना.

सईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. एका बाजूने बाप बघतोय, एका बाजूने लेक. मी म्हटलं, साहेब, मी गाडी फिरवली, आता काही दिसत नाही. ते खरंही होतं आणि काही कामाचंही नव्हतं.

ठोकळा त्या उंच पोराला मिळाला. सईने टाळ्या वाजवल्या, हातातले जाड मोजे न काढताच, त्यामुळे आवाज आला नाही. साहेबांनीही वाजवल्या. त्यांच्या टाळ्यांचा आवाज तेवढा मैदानभर ऐकू आला.

त्यानंतर साहेब एकदाच आले. निघायच्या आधी. मैदान रिकामं होतं, तरी खाली जाऊन गोलामागे उभे राहिले. मला म्हणाले, येतो. जाताना काचेवर पंजे सोडून गेले. ते मी त्या दिवशी पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बॉसने पुसायला लावले.

मग त्यांचा पुण्याहून फोन यायला लागला. जेवण झालं का, गर्मी कशी आहे, बॉस काय म्हणतो, आणि शेवटी हळूच, "तो खड्डा होता ना हो?" मी इकडचं तिकडचं सांगायचो. गाडी अजून कठड्यात घालतो का विचारायचे, मी म्हणायचो, हो, मंगळवारी घातली. पण शेवटी तेच. ह्या माणसाला तिकडे दुसरं काम नव्हतं, तो दिवसभर त्या गोलाशीच उभा होता.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, ऐका, तुमच्या मिठाने नाही आणि पोरीनेही नाही. माझं ठिगळ निघालं होतं. मी तेव्हा घाबरून बोललो नाही. मला वाटलं, मी तसाही सगळीकडे माती खातो, त्यात आणखी एक घास. कोणाला खोटं वाटणार नाही.

मग साहेब म्हणाले, "पण मीठ तर माझं होतं ना?" आणि फोन ठेवला. मग त्यांचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही.

परीक्षा संपल्यावर सई आली, तिचं सामान लॉकरमधून न्यायला. पायाच्या गाद्या तिने एका नवीन गोलीला देऊन टाकल्या, काठ्या ठेवून घेतल्या. पुण्याला काय करणार काठ्यांचं, मी विचारलं नाही. बॅग रिकामी होती तरी मी उचलायला गेलो. तिने उचलू दिली नाही.

आम्ही गोलाच्या मागून चाललो होतो. काच कोरडी होती, पुसायला काही नव्हतं. तिथे ती थांबली.

"अंकल, बाबांना तुम्ही काय सांगितलं?"

मी दात काढले. म्हटलं, काय सांगणार, खरं ते सांगितलं. माझं ठिगळ निघालं, माझ्यामुळे गोल झाला. मी हा असा. बाबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

ती हसली नाही. तिच्या बापासारखीच माझ्याकडे बघत राहिली.

"ते ठिगळ मी पायाने चेक केलं होतं. सॉलिड होतं," ती म्हणाली. "तो गोल माझा आहे, अंकल. बाबांचा नाही. आणि तुमचा तर नाहीच. सगळ्यात तुम्ही कशाला मध्ये येता, आह?"